प्रवासी टिकवायचे तर पैसा कुठे घालावा: पॉइंट, सवलत कार्ड की वेळापत्रक?

लांब पल्ल्याच्या रेल्वेसेवेत प्रवासी टिकवायचा विषय निघाला की सगळ्यात आधी पॉइंट योजना पुढे येते. अमेरिकेत ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची 'गेस्ट रिवॉर्ड्स' आहे: तिकिटावर खर्च करा, पॉइंट साठवा, पुढे त्यातून तिकीट घ्या. कामानिमित्त दर आठवड्याला फिरणाऱ्याला याचा खरा फायदा होतो, पण तो तसाही येतोच. वर्षातून तीनदा येणाऱ्याचे पॉइंट नुसते पडून राहतात, आणि वळवायचं असतं ते त्यालाच.

सवलत कार्डात प्रवासी आधी पैसे भरतो. मग प्रत्येक वेळी मोटार की रेल्वे, हा हिशोब तो करत बसत नाही. जर्मनीत 1992 मध्ये आलेल्या बानकार्डावर निम्म्या भाड्यात ऐनवेळीही तिकीट मिळायचं. डिसेंबर 2002 मध्ये ते कार्ड बंद करून 25 टक्क्यांचं आणलं. जोडीला आगाऊ आरक्षणावर सूट आणि बेत बदलला की भुर्दंड. आधीपासून बेत ठरवणाऱ्याचं त्यात नुकसान नव्हतं; गेली ती मोकळीक. लोक इतके चिडले की 2003 मध्येच 50 टक्क्यांचं कार्ड परत आणावं लागलं. कार्ड काढायचंच असेल तर त्यात अटी घुसडू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

तरीही माझं मत वेळापत्रकालाच. स्वित्झर्लंडमध्ये 1982 पासून दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी सुटते. मोठ्या स्टेशनांवर बऱ्याच गाड्या तासाच्या ठोक्याआधी येतात आणि ठोका झाला की सुटतात. मधल्या काही मिनिटांत लोक गाडी बदलतात. प्रवाशाला एक मिनिट लक्षात ठेवलं की पुरतं.

हे जमवणं मात्र सगळ्यात महाग आणि अवघड. पाच मिनिटांचा उशीर कागदावर किरकोळ दिसतो. पण बॅग हातात घेऊन दाराशी उभं असताना समोरच्या फलाटावरची आपली पुढची गाडी हलताना दिसली, की त्या पाच मिनिटांचा तास होतो. मी असा उभा असताना एकदा तिकीट तपासनीस डब्यातून सांगत गेला, "पुढची गाडी थांबवलीय, सावकाश उतरा." त्या मार्गावर मी आजही रेल्वेनेच जातो.

उशिराची भरपाई हाही वेळापत्रकाचाच भाग समजा. स्पेनने माद्रिद-सेव्हिया मार्गावर 1994 पासून अनेक वर्षं पाच मिनिटांहून जास्त उशिराला पूर्ण भाडं परत दिलं. युरोपीय संघाच्या नियमात तासाभराच्या उशिराला 25 टक्के, दोन तासांना 50 टक्के मिळतात.

तेव्हा गाड्या रोज रखडत असतील तर पॉइंटांचा पैसा आधी वेळ सुधारण्यात आणि विनाअर्ज भरपाईत घाला. गाड्या वेळेवर, पण निम्म्या रिकाम्या धावत असतील तर कार्ड काढा. पॉइंट योजना त्यानंतर.