फिल्टर सॉक उलटा करून बघा

मी लालबागला ब्लाउज शिवते, सव्वीस वर्षं झाली. दुकानात गिऱ्हाइकांच्या बाकड्यासमोर खाऱ्या पाण्याची टाकी आहे, ३६ बाय १८ बाय १८ इंच, काठोकाठ भरली तर १९० लिटरची. आत दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल, एक गॉबी आणि एक क्लीनर श्रिंप. ही कोळंबी दुसरी, पहिलीचं पुढे सांगते. टाकीखालच्या कपाटात संप, म्हणजे वरचं पाणी खाली घेऊन, गाळून पंपाने परत वर पाठवणारी कप्प्यांची दुसरी टाकी.

लालबागमध्ये ‘संप’ म्हटलं की जुन्या माणसांना १९८२ आठवतं. माझे सासरे गिरणीत होते. मी फोनवर कुणाला तरी म्हणत होते, ‘आमचा संप रविवारी साफ करायचाय,’ तर आतून आवाज आला, ‘अजून मिटला नाही का गं तो?’

तर या संपात दोन वर्षांत मी काय काय घातलं, काय काढून टाकलं आणि कशावर पुन्हा पैसे खर्च करीन, ते लिहिते. मासे कसे पाळावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. कापड आणि शिवण बघून सांगणारं मला कुणी भेटलं नाही.

सुरुवात सॉकपासून, म्हणजे गाळ अडवणाऱ्या फेल्टच्या पिशवीपासून, कारण टाकीतून खाली येणारं पाणी आधी त्यातच पडतं. पहिला सॉक दुकानदाराने सेटबरोबर दिला. ४ इंची, पाकिटावर २०० मायक्रॉन. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर, म्हणजे २०० हा मिलिमीटरचा पाचवा भाग. छान. घरी आणून सॉक उलटा केला, ती हाताची सवयच आहे. शिवण एकेरी, टाका लांबच लांब, आणि सुई एवढी जाड मारलेली की उजेडासमोर धरल्यावर भोकांची रांग दिसत होती. आमची १६ नंबरची सुई १ मिलिमीटर जाडीची असते. फेल्ट फुगून भोक थोडं मिटतं हे खरं, पण खेचून बसवलेल्या शिवणीवर ते पुरतं मिटत नाही. म्हणजे कापड २०० मायक्रॉनचं आणि शिवण जवळजवळ हजाराची!

धागा ओढून काडी लावली. पॉलिएस्टरचा धागा जळताना वितळून त्याची टोकाला कडक गोळी होते. हा भुरभुर जळाला, कागद जळल्यासारखा वास आला आणि राख झाली. सुती. सतत ओल्यात राहणाऱ्या पिशवीला सुती धागा! सहाव्या धुण्याला तळ उसवला आणि तीन दिवसांचा साठलेला गाळ एका झटक्यात संपात. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, ‘ताई, सॉक काय जन्मभर टिकतो का?’ जन्मभर नको रे बाबा, पण माझं साडेतीनशे रुपयांचं ब्लाउज सहा धुण्यांत उसवलं असतं तर गिऱ्हाइकाने मला दुकानात बसू दिलं नसतं.

त्यामुळे आता मी सॉक घेताना मायक्रॉनचा आकडा नंतर बघते. आधी उलटा करते. शिवण दुहेरी हवी, कड आत दुमडून वरून दाब टीप मारलेली हवी, वरची प्लॅस्टिकची रिंग कापडात नीट गुंडाळून शिवलेली हवी. फेल्टची आतली बाजू भाजून गुळगुळीत केलेली असेल तर उत्तम, गाळ तिच्यात रुतत नाही आणि धुताना पटकन सुटतो. १०० मायक्रॉनचेही दोन घेऊन बघितले. पाणी काचेसारखं होतं, पण माझ्याकडे ते दीड दिवसात तुंबतात. सॉक तुंबला की पाणी त्याच्या काठावरून सरळ वाहायला लागतं आणि गाळणं तिथेच संपतं. लग्नसराईत मला दीड दिवसाला सॉक बदलायला वेळ नाही, म्हणून २००.

बदलायचा मात्र तीन दिवसांनी, तुंबलेला असो वा नसो. सॉकमध्ये अडकलेलं उरलंसुरलं खाणं आणि विष्ठा पाण्याबाहेर गेलेली नसते. ती तिथेच बसून कुजते आणि वरून पाणी चालूच. खरकटं ताट सिंकमध्ये ठेवून त्यावर नळ सोडून द्यायचा आणि ते पाणी पुन्हा हंड्यात भरायचं, असा तो प्रकार आहे. आठवडाभर सॉक न काढणारे लोक नंतर या कुजण्यातून होणारं नायट्रेट का वाढलं म्हणून महागडी औषधं शोधत फिरतात.

धुण्याची रीत: उलटा करायचा, नळाला पाइप लावून जोराचा झोत मारायचा, मग पातळ ब्लीचच्या पाण्यात भिजवायचा, खळाखळा धुवायचा, क्लोरीन मारणारं औषध घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. ब्लीचचा वास जराही आला तर पुन्हा पाण्यात. साबण नाही, कपडे मऊ करणारं ते सुवासिक द्रव्य तर अजिबात नाही. उन्हाळ्यात माझं चार सॉकवर भागतं. जुलैत मुंबईत रुमाल वाळत नाही, तिथे फेल्ट काय वाळणार, म्हणून पावसाळ्यासाठी आठ.

आठ विकत घेण्यापेक्षा शिवलेच. नागदेवी स्ट्रीटला कारखान्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारत विचारत पॉलिएस्टरचं फिल्टर फेल्ट मिळवलं. शाळेच्या प्रोजेक्टला मिळतं ते रंगीत फेल्ट वापरू नका, त्याचा रंग सुटतो आणि त्यात कसला धागा आहे ते कुणाला ठाऊक नसतं. जुन्या सॉकच्या रिंगा काढून नव्यांना लावल्या. बारीक सुई, पॉलिएस्टर धागा, दोन टिपा. पहिल्यातले दोन अजून चालू आहेत.

सॉकऐवजी फिल्टर वूलही चालतं. पाकिटातलं घेऊन बघितलं आणि हसायलाच आलं. ही तर आमची वॅडिंग! गादीच्या खोळीत, पॅडवाल्या ब्लाउजात घालतो ती पांढरी पॉलिएस्टरची. मी मीटरवर आणते, चौकोन कापते, सॉकच्या जागी जाळीच्या ट्रेमध्ये पसरते आणि दोन दिवसांनी फेकते. धुणं नाही, वाळवणं नाही. फक्त साधी मागा. आग लागू नये म्हणून किंवा ताठ राहावी म्हणून काही फवारलेलं असेल तर नको. नुसतं मेकॅनिकल गाळण म्हणून मला विचाराल तर ज्याला धुण्याचा कंटाळा आहे त्याने सॉकच्या नादी न लागता वॅडिंगच वापरावी. जे बदलायला हात सोकावतो तेच चांगलं.

स्पंजचं फार लिहीत नाही. कप्प्यांच्या मध्ये बुडबुडे अडवायला लावला होता, त्याच्या मागे चिखल साठायचा, काढला.

बायोबॉलसुद्धा काढले, म्हणजे जीवाणू वाढावेत म्हणून ठेवायचे प्लॅस्टिकचे फटीफटीचे गोळे. क्रॉफर्ड मार्केटमधल्या एका दुकानदाराने किलोभर गळ्यात घातले होते. ते मुळात उघड्यावर ठेवून वरून पाणी ठिबकवायच्या पद्धतीसाठी बनलेले. तसं केलं तर त्यांना हवा भरपूर मिळते. पाण्यात बुडवून ठेवले की ते नुसते प्लॅस्टिकचे गोळे, फटीफटीत गाळ धरून बसणारे. आता शेजारच्या मुलाचं खेळणं झालंय.

आता बायोलॉजिकल, म्हणजे जीवाणूंचं घर. मासे अमोनिया सोडतात. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी सहन होणारं. हे जीवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत, कशाला तरी चिकटून वाढतात, आणि त्यांना प्राणवायू लागतो. म्हणून भोकं भोकं असलेला, मोठा पृष्ठभाग देणारा पदार्थ संपात ठेवायचा.

हे घर वसायला वेळ लागतो. मी सुरुवातीला कोळणीकडे गेले आणि एक कोळंबी मागितली. ती बघतच राहिली. ‘एक? एका कोलबीत काय शिजवशील गो?’ शिजवायची नव्हतीच. कच्ची कोळंबी जाळीत घालून रिकाम्या टाकीत सोडली, ती कुजून अमोनिया तयार झाला. आठ दिवस दुकानात जो वास सुटला त्याने दोन गिऱ्हाइकं मापं न देताच गेली. पण सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आली, तेव्हाच मासे आणले. बाटलीतले जीवाणू ओतून ‘उद्या मासे घेऊन जा’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं मी ऐकलं नाही, ते बरं झालं.

टेस्ट किटचा रंग ट्यूबलाइटखाली बघू नका. मॅचिंग सेंटरमधून अस्तर घेताना आपण कापड दाराशी नेऊन बघतो ना? नळी तशीच दाराशी न्यायची. माझ्या किटमध्ये पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवट झाला की आहे. ट्यूबखाली लिंबू आणि पोपटी एकच दिसतात.

पहिलं माध्यम सिरॅमिक रिंग्ज. स्वस्त, मिळायला सोप्या, काम चोख. त्यांना मी पूर्ण गुण देते आणि माझ्या मूर्खपणाचे वेगळे कापते. दिवाळीच्या साफसफाईत अंगात आलं. सगळ्या रिंग्ज काढल्या, नळाखाली ब्रशने घासल्या, गच्चीत वाळत घातल्या. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जंतू मारायलाच. उरलंसुरलं उन्हाने मारलं. तिसऱ्या दिवशी नळी दाराशी नेली तर पोपटी. आरओचं पाणी आणि मीठ कालवून रोज चौथा हिस्सा पाणी बदललं, मासे वाचले, क्लीनर श्रिंप वाचली नाही. गाळ बसलाच असेल तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात रिंग्ज हलक्या हाताने विसळायच्या, त्याही थोड्या थोड्या. एवढं तेव्हा माहीत असतं तर!

तेव्हापासून रिंग्जच्या जोडीला सीकेमचं मॅट्रिक्स घातलं. डबा उघडला आणि म्हटलं, ही तर वजरी! टाचा घासायची. खरंच ते प्युमिससारखे हलके, भोकाभोकांचे खडे आहेत. डब्यावर २०० लिटरला ५०० मिलिलिटर असा हिशेब दिलाय, म्हणजे मला एक डबा पुरला. किंमत मात्र दोन अस्तरवाल्या ब्लाउजांच्या शिलाईइतकी. बाहेरच्या भोकांत अमोनिया खाणारे राहतात आणि आत खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे नायट्रेट फोडून वायू करणारे, असं त्यामागचं गणित आहे. माझ्याकडे नायट्रेट वर्षभरात कमी झालं खरं, पण त्याच वर्षी मी सॉक वेळेवर बदलायला लागले, त्यामुळे सगळं श्रेय वजरीला देणार नाही. मोठ्या सच्छिद्र विटाही मिळतात, त्या माझ्या संपात मावत नाहीत.

एकाने हळूच ‘लाइव्ह रॉक देऊ का, समुद्रातला’ असं विचारलं होतं. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि तसल्या दगडाबरोबर काय काय तोडून आणलेलं असेल कोण जाणे. मी कोरडा दगड घेतला, जीवाणू त्यावर आपोआप चढले.

हे सगळं संपात ठेवायचं कुठे, तर सॉक आणि स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण वर काढणारं यंत्र) यांच्या नंतर, पंपाच्या आधी. गाळलेलं पाणीच त्याच्यापर्यंत पोचायला हवं, नाहीतर भोकं गाळाने बुजतात. पिशवी तळाशी टेकवू नये, खालून पाणी फिरायला जागा हवी. मी प्लॅस्टिकच्या जाळीचा तुकडा खाली घातलाय. पिशवीसाठी मंगलदास मार्केटमधून कॅनकॅनची नायलॉन जाळी आणली, घागऱ्याला फुगारा द्यायला लावतो ती. झिप लावायचा मोह झाला होता. पितळी झिप म्हणजे पाण्यात तांबं, आणि तांबं कोळंबीला विष. नायलॉनची दोरी ओवून गाठ मारली.

क्रॉफर्ड मार्केटच्या त्याच दुकानदाराने मागच्या महिन्यात माझा एक सॉक बघितला. उलटा करून बघितला, हे विशेष. म्हणाला, ‘ताई, पंचवीस शिवून द्याल?’ मी म्हटलं, लग्नसराई संपू दे. पॉलिएस्टर धागा, दोन टिपा, आणि उधारी नाही.