आर्थर मॅकेन वाचायचाय? ‘पॅन’ की ‘व्हाइट पीपल’?

भयकथा लिहिणाऱ्या मॅकेनपाशी बहुतेक जण लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने केलेलं कौतुक वाचून पोहोचतात आणि मग त्याच्या दोन कथांच्या नावांपाशी अडतात: ‘द ग्रेट गॉड पॅन’ आणि ‘द व्हाइट पीपल’. लव्हक्राफ्टने दोन्ही डोक्यावर घेतल्यात, त्यामुळे निवडताना त्याची मदत होत नाही. पैशांचाही प्रश्न नाही. मॅकेन १९४७ मध्ये गेला, आपल्याकडचा साठ वर्षांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला, दोन्ही कथा नेटवर फुकट आहेत. पहिली कोणती उघडायची, एवढंच ठरवायचंय.

‘पॅन’चं पहिलं प्रकरण फार चांगलं आहे, ते आधीच सांगतो. उन्हाळ्यातली संध्याकाळ, डोंगराच्या कुशीतलं घर, आणि एका तरुण मुलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करायला निघालेला थंड डोक्याचा डॉक्टर. पुस्तक १८९४ मध्ये लंडनला जॉन लेनने काढलं, चित्रकार बिअर्डस्लीच्या सजावटीसह, आणि त्यावर भरपूर टीकाही झाली. गोष्ट पळते, भाषा सोपी आहे, रहस्यकथेची सवय असलेल्याला ती लगेच पकडते.

पण पुढे ती लंडनच्या सभ्य पुरुषांच्या हाती जाते, आणि माझं तिथे बिनसलं. त्यांतल्या विलियर्सला रस्त्यात अचानक कॉलेजातला जुना मित्र भिकाऱ्याच्या अवस्थेत भेटतो, आणि तोच नेमका कथेच्या मुळाशी असलेल्या भयंकर बाईचा नवरा निघतो. असे योगायोग एक वेळ चालवून घेऊ. पण विलियर्स जेव्हा सगळा उलगडा असलेलं हस्तलिखित त्याच्या ऑस्टिन या मित्रापुढे ठेवतो, तेव्हा ऑस्टिन मधलंच पान उघडतो, एका शब्दावर नजर पडताच घामाघूम होतो आणि कागद फेकून देतो. वाचत नाही. आपल्यालाही वाचू देत नाही! आधीही हेच चाललेलं असतं: कुणीतरी काहीतरी पाहतो, पांढराफटक पडतो आणि ‘ते सांगण्यासारखं नाही’ असं म्हणतो. दुसऱ्यांदा वाचताना तर मला वाटलं, या गृहस्थांपाशी सांगण्यासारखं काही नसावंच.

लपवणं ‘व्हाइट पीपल’मध्येही आहे. किंबहुना जास्तच आहे. पण इथे लपवणारी एक लहान मुलगी आहे, तिची हिरवी वही आहे, आणि ती सुरुवातीलाच बजावते की खरी नावं मी लिहिणार नाही. ‘आक्लो’ नावाची गूढ अक्षरं, पांढरे-हिरवे-लाल विधी, दाईने ओल्या मातीचा बाहुला करून शिकवलेली पूजा, हे सगळं ती घरच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत जाते. तिला भीती वाटत नाही, उलट थोडा तोराच आहे. ऑस्टिन घाबरून गप्प बसतो; ही शपथ घातलेली म्हणून गप्प बसते. मी घाबरलो ते हिच्यामुळे.

त्रास इथेही आहे. वहीत पानंच्या पानं परिच्छेद तुटत नाही, आणि त्याआधी अँब्रोज नावाचे गृहस्थ खरं पाप म्हणजे काय यावर प्रवचन देतात. झोप येऊ शकते. पण बागेतले गुलाब गाऊ लागले किंवा रस्त्यातला दगड फुगून वाढू लागला तर तुम्हाला काय वाटेल, असं ते विचारतात, तिथपर्यंत तरी थांबा. ही कथा १९०४ साली छापली हॉर्लिक्सच्या मासिकाने. हो, तेच हॉर्लिक्स. मॅकेनचा मित्र वेट ते मासिक सांभाळायचा, म्हणून सोय झाली. कारण लेखक ऑस्कर वाइल्डवरच्या १८९५ च्या खटल्यानंतर या धाटणीच्या लेखनाकडे लोक नाक मुरडू लागले होते. ‘द हिल ऑफ ड्रीम्स’ ही मॅकेनची कादंबरी १८९७ मध्ये लिहून झाली तरी पुस्तक व्हायला १९०७ उजाडलं.

वेल्समधल्या कार्लियनला, रोमन अवशेषांवर वसलेल्या गावी, मॅकेन जन्मला. तो प्रदेश दोन्हींत जाणवतो, पण ‘पॅन’मध्ये तो बऱ्याच अंशी लंडनहून आठवलेला आहे, वहीतली मुलगी मात्र त्यातून चालते.

तुम्हाला वेगवान गोष्ट हवी असेल तर ‘पॅन’ वाईट नाही, आणि आवडीनिवडीचा भाग असतोच. तरी ‘पॅन’चं पहिलं प्रकरण वाचून तिथेच थांबावं, हिरवी वही एका बैठकीत संपवावी, आणि उरलेलं ‘पॅन’ मग सवडीने बघावं, असं मी सुचवेन. मध्येच कंटाळलात तर ‘द थ्री इम्पोस्टर्स’मधली ‘ब्लॅक सील’ची गोष्ट सुटी वाचता येते.