नंबर आपला म्हणून नऊ वर्षं वापरला, कागदावर मात्र फोन कंपनीचा निघाला

ऑफिससाठी क्लाउड फोन सिस्टीम (इंटरनेटवरून, कंपनीच्या सर्व्हरवर चालणारे ऑफिसचे फोन) घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा, कारण आम्ही ज्यात फसलो ते डेमोमध्ये कुणीच दाखवत नाही.

आमचा नऊ वर्षं जुना नंबर, बोर्डावर तोच, बिलांवर तोच. सेल्सवाला म्हणाला नंबर आमच्याकडे पोर्ट करून घ्या, बाकी सगळं आम्ही बघतो. बारा एक्स्टेन्शन, आयव्हीआर (‘अमुकसाठी एक दाबा’वालं रेकॉर्डेड स्वागत), रेकॉर्डिंग, मोबाईलवर अ‍ॅप, सगळं एकदम भारी वाटलं आणि तीन वर्षांच्या करारावर सही केली. करार सोळा पानांचा, मी पहिली चार वाचली.

पहिला झटका दुसऱ्याच आठवड्यात बसला. एक्स्टेन्शन बारा पण एका वेळी कॉल फक्त चारच चालणार, पाचव्या ग्राहकाला सरळ बिझी टोन. आम्ही विचारलंच नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नाही. जास्तीचे चॅनेल, म्हणजे एका वेळी आणखी कॉल, हवेत तर वेगळे पैसे. ‘अनलिमिटेड’ म्हणाले होते त्यालाही आत बारीक अक्षरात मर्यादा होतीच.

मग आवाजाची भानगड. समोरच्याचं आपल्याला ऐकू येतंय पण आपलं त्याला जात नाही, रिसेप्शनवरची मुलगी दिवसभर हॅलो हॅलो करून रडकुंडीला यायची. त्यांचं उत्तर ठरलेलं, तुमचं इंटरनेट कमी पडतंय, आणि वर प्रीमियम सपोर्ट घ्या. तो घेतला, लाईनही वाढवली, फरक शून्य. आता हिशोब बघा, जी.711 कोडेकवर (आवाज डिजिटल करून पाठवायची नेहमीची पद्धत) एका कॉलला, आवाजासोबत जाणारी पत्त्याची वगैरे माहिती धरून, साधारण 87 केबीपीएस लागतात, म्हणजे चार कॉलना साडेतीनशेच्या आसपास, त्याला मोठी लाईन लागतेच कशाला? शेवटी ओळखीच्या एका नेटवर्कवाल्याने राउटरमधलं सिप एएलजी नावाचं, इंटरनेट कॉलच्या डेटात मध्येच फेरफार करणारं सेटिंग बंद केलं, पाच मिनिटांत आवाज नीट. जे पहिल्याच कॉलला तपासायला पाहिजे होतं त्याचे आठ महिने पैसे घेतले या लोकांनी, अजून आठवलं की संताप होतो.

तरी हे सगळं सोसलं असतं. तीन वर्षं झाली तेव्हा बदलायचं ठरवलं, तर कळलं की मुदत संपायच्या नव्वद दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे वाढतो. भांडून भांडून तो सोडवला. फोन आम्ही विकत घेतलेले होते पण ते त्यांच्या सिस्टीमला लॉक, फॅक्टरी रीसेट मारला तरी चालू झाला की परत त्यांच्याच सर्व्हरवरून सेटिंग ओढायचा आणि स्क्रीनवर त्यांचाच लोगो. नव्या कंपनीने पोर्टिंगचा अर्ज टाकला तो दोनदा नाकारला गेला, कारण नंबर रेकॉर्डवर आमच्या नावावर नव्हताच, सुरुवातीला पोर्ट करताना जुन्या कंपनीने तो स्वतःच्या नावावर घेतला होता. आणि तेवढ्यात माझ्याकडून चूक झाली, वैतागून मी जुनं खातं बंद करायचा मेल टाकला. पोर्ट पूर्ण व्हायच्या आधी खातं बंद केलं की नंबर हातातून जाऊ शकतो हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, आमचा गेलाच.

तुम्ही घेताना सेल्सवाल्याकडून लेखी घ्या की नंबर तुमच्या फर्मच्या नावावर राहील, नाव आणि पत्ता अगदी कागदपत्रांवर आहे तसाच, आणि सोडताना फोन अनलॉक करून देतील. तोंडी ‘हो हो सर, होऊन जाईल’ ऐकून सही करू नका प्लीज. एका वेळी किती कॉल ते पण लिहून घ्या, आणि आठ दिवस ट्रायल स्वतःच्या ऑफिसात, स्वतःच्या राउटरवर, गर्दीच्या वेळेलाच घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या एक जुन्या ग्राहक बाई थेट ऑफिसात आल्या. दारातच म्हणाल्या, “अहो, चालू आहे का ऑफिस? नंबर लागेना, मला वाटलं तुम्ही धंदाच बंद केलात.” असे न आलेले किती असतील, ते कळायला काही मार्ग नाही.