ॲव्हरेज १९ वरून १७ वर आलं आणि डॅशबोर्डवर तापमानाची सुईच नव्हती : वही आणि डोंगलसोबतचे नऊ महिने

गाडी २०१८ ची, १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल हॅचबॅक. रोजचा रस्ता वाई ते शिरवळ. सुरूर फाट्यापासून महामार्ग, मग खंबाटकीचा बोगदा, एस वळण, खंडाळा, शिरवळ. एका बाजूने साधारण ३५ किमी. येताना बोगदा नसतो, घाट चढून यावं लागतं. गाडीत मी आणि कंपनीतल्या दोघी. पेट्रोलचे पैसे तिघींत वाटून, आणि किलोमीटरचा दर मी ठरवते. म्हणून ॲव्हरेजचा आकडा मला अचूक लागतो. तो चुकला तर मी मैत्रिणींकडून जास्त पैसे घेतले असा त्याचा अर्थ होतो.

२०२३ च्या पावत्या माझ्याकडे होत्या. तेव्हाचा हिशेब लिटरला १९.४. मागच्या जूनमध्ये पुन्हा वही सुरू केली तेव्हा १८.७ आला. ठीक, मधल्या काळात पंपावर ई१० च्या (१० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) जागी ई२० (२० टक्के इथेनॉलचं) आलं, म्हणून मी तो स्वीकारला. ऑक्टोबरच्या शेवटी आकडा १७.४ झाला, नोव्हेंबरमध्ये १७.२. एसी बंद, हवा थंड, रस्ता तोच. अशा दिवसांत ॲव्हरेज वाढायला हवं.

आधी मोजायची रीत सांगते, कारण आमच्याकडे निम्मे लोक ‘पाचशेचं टाका’ म्हणतात आणि मग स्क्रीनवरचा आकडा सांगतात. माझ्या गाडीची स्क्रीन खऱ्यापेक्षा दीड ते दोन किमी जास्त दाखवते, तीही सातत्याने. त्यामुळे टाकी फुल करायची, तोच पंप, शक्यतो तेच मशीन, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं. ‘मॅडम, राउंड फिगर करू?’ याला ठाम नाही म्हणायचं. पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल करायचं आणि मधले किलोमीटर भागिले त्या वेळी बसलेले लिटर. तरीही एका टाकीवर विश्वास ठेवू नये. गाडी किंचित उतारावर उभी असली तरी लिटरभर इकडेतिकडे होतं, आणि ३० लिटरमध्ये एक लिटर म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त. मी तीन टाक्यांची बेरीज करूनच आकडा धरते. ओडोमीटरही जीपीएसशी ताडून पाहिला. १०० किमीला दीड किमी जास्त दाखवतो, तेवढी वजावट मी करते.

तर १७.२. नोव्हेंबरात सर्व्हिस सेंटरला वही दाखवली. सल्लागाराने ती उघडलीसुद्धा नाही. ‘मॅडम, ई२० मुळे सगळ्यांचंच पडलंय.’ मग, ‘क्लचवर पाय ठेवून चालवता का?’ मग इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ करायचे २,८०० रुपये. मी दिले. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी १७.३. परत गेले तर उत्तर मिळालं की स्कॅनरवर एरर कोड नाही, म्हणजे गाडीत दोष नाही. एका बाईने वहीत तारीखवार लिहून आणलेले सहा महिने त्यांना पुरावा वाटले नाहीत, याचा राग मला अजून आहे.

त्या रागात मी पंपावरही संशय घेतला. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. मी मागितलं. कुरकुर न करता त्यांनी काढलं, माझ्यासमोर भरलं. कमतरता १० मिलीचीही नव्हती. पंप निर्दोष होता. मी तिथल्या तिथे त्यांची माफी मागितली आणि आजही तिथेच भरते.

आता ई२० बद्दल. मीही जूनमध्ये सगळा दोष त्यालाच दिला होता. नंतर आकडेमोड करायला बसले. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. म्हणजे ई१० चं लिटर जवळपास ३०.९ चं, ई२० चं २९.८ चं. फरक साडेतीन टक्क्यांचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ६ ते ७ टक्के घट लिहिली आहे, ती शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी. माझ्या १९.४ मधून साडेतीन टक्के गेले तर १८.७ उरतात. जूनमधला आकडा नेमका तोच होता! ई२० चा हिशेब तिथेच मिटला होता. १८.७ वरून १७.२ ला नेणारं दुसरंच काहीतरी होतं, आणि ‘सगळ्यांचंच पडलंय’ या वाक्याआड ते लपून राहिलं. आमच्या भागात घरोघरी ऊस आहे, इथेनॉलवर माझा राग नाही. ऊर्जा कमी असलेल्या लिटरचा भाव मात्र तोच लागतो, ही तक्रार आहे आणि राहील.

डिसेंबरात ७०० रुपयांचं ब्लूटूथ ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र, मागवलं. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं आणि फोनवर आकडे बघायचे. पहिल्या आठवड्यात मी त्याला खेळणं म्हणत होते, कारण त्यातलं ॲव्हरेज माझ्या वहीशी १२ टक्क्यांनी जुळत नव्हतं. आमच्या गाडीत ते इंधन मोजत नाही, हवेच्या दाबावरून अंदाज बांधतं. परत करायला निघाले होते. तेवढ्यात गाडीत शेजारी बसलेल्या मैत्रिणीने विचारलं, ‘अगं, हे कूलंट ६२ म्हणजे काय?’

बोगद्याच्या अलीकडे, ८५ च्या वेगात, घरून निघून २० मिनिटं झालेली, आणि इंजिनाचं पाणी ६२ अंशांवर. ते ८५-९० हवं. एस वळणाच्या उतारावर ५८ झालं. घाट चढून येताना ७४ पर्यंत गेलं आणि वेळे गावापर्यंत पुन्हा खाली. मला एकदम आठवलं, महिनाभर आम्ही तिघी हीटर नीट तापत नाही म्हणून स्वेटर घालून बसत होतो आणि वाईची थंडी म्हणून सोडून देत होतो.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तो मी लांबवणार आहे. या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाची सुई नाही. माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीत होती. इथे एक निळा दिवा आणि एक लाल. निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे उकळतंय. डोंगलवर पाहिलं, निळा पन्नाशीच्या थोडा वर विझतो. म्हणजे तिथपासून लाल दिव्यापर्यंतचा सगळा पट्टा चालकाला दिसतच नाही. सुई असती तर मला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं असतं. पडद्यावर गाण्यांच्या ॲल्बमचं चित्र दाखवायला जागा आहे, इंजिनाचं तापमान दाखवायला नाही! सेन्सर गाडीत आहे, आकडा संगणकापर्यंत पोचतो, फक्त मालकाला दाखवायचा नाही असं कुणीतरी ठरवलं आहे. कुणी नवी गाडी घेताना विचारलं तर मी सनरूफच्या आधी हेच बघायला सांगते.

वाईतल्या आमच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी स्कॅनर लावला नाही. गाडी रात्रभर तिथेच ठेवायला सांगितली, सकाळी चालू केली आणि रेडिएटरच्या होजवर हात ठेवला. दोन मिनिटांत होज कोमट. ‘ताई, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन तापायच्या आधीच पाणी रेडिएटरला चाललंय.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देतो, कारण थंड भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. तेलही जाडच राहतं. तीन महिने माझी गाडी जणू सतत पहाटेच्या पहिल्या पाच मिनिटांतच होती.

जुना थर्मोस्टॅट काढून त्यांनी उजेडासमोर धरला. थंड असूनही तबकडीच्या कडेने फट दिसत होती. मग दुकानातल्या चहाच्या पातेल्यात नवा आणि जुना शेजारी ठेवले. नव्यावर ८२ कोरलेलं होतं. पाणी तापत गेलं तशी नव्याची तबकडी उचलली गेली आणि गार पाण्यात टाकल्यावर घट्ट मिटली. जुना दोन्ही वेळा तसाच. तिथे उभ्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, ‘काढूनच टाका, गाडी कधी गरम होणार नाही.’ जुन्या गाड्यांत तसं सर्रास करायचे. काकांनी मान हलवली, ‘मग ताईंचं ॲव्हरेज कायमचंच जाईल.’ थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी मिळून १,१५० रुपये.

जानेवारीच्या तीन टाक्या : १८.९.

इथे थांबले असते तरी चाललं असतं, पण एव्हाना वहीची सवय लागली होती. फेब्रुवारीत दोन गोष्टी केल्या. स्वतःचा टायर गेज घेतला. पंपावरच्या हवेच्या मशीनमध्ये आणि त्यात ४ पीएसआयचा फरक निघाला. दारावरच्या स्टिकरवर ३३ आहे, माझ्या टायरांत २९ होती. आता दर रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, घरीच बघते. दुसरं म्हणजे महामार्गावर ९५ ऐवजी ८०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ९५ ला तो ८० च्या तुलनेत ४० टक्के जास्त. महामार्गाच्या २५ किमीत वेळ जातो तीन मिनिटं. पहिले चार दिवस मागचे हॉर्न ऐकून जीव नकोसा झाला, डावी लेन धरल्यावर संपलं.

डोंगलने आमचा एक वादही मिटवला. एक मैत्रीण उतारावर गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं म्हणून. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात आणि फोनवर वापर शून्य दिसतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगला ताशी पाऊण लिटरच्या आसपास पीत राहतं. शिवाय एस वळणावर किती ट्रक उलटलेत ते आम्ही रोज बघतो. तिथे इंजिन ब्रेक सोडून देणं मला आधीही पटत नव्हतं. आता ती चौथ्या गिअरमध्ये उतरते.

गाडीच्या कंपनीने सांगितलेले २२ मिळतील का, हे मला लोक सारखं विचारतात. तो आकडा चाचणी केंद्रात रोलरवर, ठरलेल्या चक्रात, एसी बंद ठेवून काढलेला असतो आणि त्या चक्रात वेग ९० च्या वर जातच नाही. गाड्यांची आपसांत तुलना करायला तो ठीक आहे. खंबाटकी चढणाऱ्या तिघींसाठी तो काढलेला नाही.

डोंगलची तक्रार एकच, पण महागात पडणारी. ते कायम लावून ठेवलं तर गाडी बंद असतानाही बॅटरी खातं. मी दहा दिवस माहेरी गेले, आल्यावर गाडी चालू होईना. बॅटरी चार वर्षांची होती हे खरं, तरी आता मी ते आठवड्यातून दोनदाच लावते, कूलंट बघते आणि काढून ठेवते.

फेब्रुवारी-मार्चच्या तीन टाक्यांची सरासरी २०.१ आली, तीही ई२० वर. महिन्याला सुमारे १,७०० किमी होतात, म्हणजे १७.२ च्या तुलनेत १४ लिटर कमी, साधारण दीड हजार रुपये. नोव्हेंबरात मी वाटणीचा दर किलोमीटरला ६.१० केला होता. दोघींनी एका शब्दानेही विचारलं नव्हतं. १ एप्रिलपासून तो ५.२० केला आहे, आणि मधल्या काळात त्यांच्याकडून जास्तीचे घेतलेले पैसे वहीतून काढून परत दिले आहेत.