सिरॅमिक कोटिंगचा तवा, सात-आठ महिने रोज घावन काढल्यावर

ओळखीतले बरेच जण विचारतात की तो क्रीम रंगाचा सिरॅमिक तवा घ्यावा का, टेफ्लॉनपेक्षा बरा असतो का, टिकतो किती. आमच्याकडे सात-आठ महिने रोजच्या वापरात आहे म्हणून लिहितेय. रोजच्या म्हणजे सकाळी डब्याला घावन नाहीतर आंबोळी, मुलीचं ऑम्लेट, रात्री कधी थालीपीठ, रविवारी मासे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दुकानात त्या भावात जे चार-पाच मांडले होते ते सगळे एकाच जातीचे होते आणि मला जे सांगायचंय ते ब्रँडपेक्षा त्या कोटिंगबद्दलच जास्त आहे. मी लग्नाआधी काही वर्षं पेंटच्या लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे कोटिंग म्हटलं की हात शिवशिवतात, तेवढं चालवून घ्या.

आधी चांगलं. नवीन असताना हा तवा खरंच कमाल होता. घावनाचं पीठ पातळ ताकासारखं, कडेकडेने वाटीने फिरवत घातलं की चर्र आवाज, जाळी पडली, झाकण ठेवलं, कडा सुटल्या की तवा नुसता तिरका केला तर घावन आपोआप ताटलीत उतरायचं. उलथनं लागायचंच नाही. आईंना (सासूबाई) बिडाच्या तव्याची सवय, त्या अर्धा कांदा तेलात बुडवून तवा पुसून घेतात, इथे त्याचीही गरज नव्हती. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "नवा असतो तोवर सगळेच तवे शहाणे." मी तेव्हा हसले होते.

चौथ्या महिन्याच्या आसपास बदल जाणवायला लागला. सगळीकडे नाही, फक्त मधोमध, बर्नरच्या वर साधारण पुरीएवढा गोल. घावन तिथेच धरायचं, कडा सुटलेल्या आणि पोट चिकटलेलं, ओढलं की फाटायचं. दिसायला तवा ठीकच, खरवडलेला नाही, पोपडा नाही, नुसती फिकट तपकिरी झाक. मग मी एक टेस्ट केली जी कोणीही घरी करू शकतं. तवा स्वच्छ धुऊन कोरडा केला, थंड असतानाच चमच्याने पाण्याचे थेंब टाकले, काही कडेला, काही मध्ये. कडेचे थेंब टम्म गोल उभे राहिले, तवा हलवला की मण्यांसारखे पळत होते. मधले थेंब पडले तसे पसरले, चपटे, आणि तवा तिरका केला तर मागे ओला ओघळ ठेवून गेले. म्हणजे कोटिंग निघालेलं नव्हतं, जागेवरच होतं, फक्त त्याचा पाणी झटकायचा गुण मधोमध संपला होता.

हे असं का होतं ते कळायचं असेल तर हे कोटिंग आहे काय ते बघावं लागेल. पुड्यावर सिरॅमिक लिहितात म्हणून आपल्याला चिनीमातीची बरणी आठवते, पण चिनीमाती भट्टीत १००० अंशाच्या वर भाजतात आणि तव्याचं ॲल्युमिनियम ६६० अंशालाच वितळतं, त्यामुळे त्यावर तशी भाजणी शक्यच नाही. जे असतं त्याला सोल-जेल म्हणतात. सिलिकॉनची काही द्रव संयुगं (सिलेन), त्यात पाणी, थोडं ॲसिड, बारीक सिलिका (वाळूतला मुख्य पदार्थ) आणि रंग, हे सगळं मिसळलं की रेणू एकमेकांना धरून सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी जाळी विणायला लागतात. ते खरखरीत केलेल्या ॲल्युमिनियमवर स्प्रे करायचं आणि ओव्हनमध्ये दोन-तीनशे अंशाला पक्कं करायचं. अंगाने काचेच्या जवळचं, कडक. पण काच काही नॉनस्टिक नसते. सटकणं येतं ते त्या जाळीला बाहेरच्या बाजूने लटकलेल्या मिथाइल गटांमुळे (कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट, पाण्याला दूर ठेवणारे), आणि बऱ्याच कोटिंगमध्ये थोडं सिलिकॉन तेल मुरवलेलं असतं ते हळूहळू वर येत राहतं त्यामुळे. गॅसवर रिकामा तवा तापला की हे मिथाइल गट जळतात, तेलही संपत जातं. खाली उरते ती सिलिकाची कडक जाळी, दिसायला तीच, पण पाण्याला आणि पिठाला धरून ठेवणारी. मधोमध आच जास्त म्हणून सुरुवात तिथून. तवा टिकतो पण सटकणं टिकत नाही, या तव्याबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि हे पुड्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

दुसरं कारण तेलाचं. शेंगदाण्याचं काय नि सूर्यफुलाचं काय, तेलाचा पातळ थर पुन्हा पुन्हा तापला की त्याचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडले जातात आणि चिवट व्हार्निश तयार होतं. ती तपकिरी झाक म्हणजे हे. साबणाने जात नाही. मी खाण्याचा सोडा आणि पाण्याची लापशी करून रात्रभर ठेवली, सकाळी मऊ स्पंजने गोल गोल घासलं, झाक बरीच गेली आणि मधले थेंबही थोडे गोल व्हायला लागले. पूर्वीसारखं नाही झालं, पण एक महिना तरी बरा गेला. तारेची घासणी अजिबात नको, आणि ती हिरवी खरखरीत पण नको. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय की हा तवा सिंकमध्ये टाकायचाच नाही, तो मी धुणार. कडक कोटिंग आहे म्हणजे ओरखडा पडत नाही असं नाही.

आता गंमत अशी की आईंचा बिडाचा तवा ज्याच्यामुळे सटकतो तोही हाच थर. तेल तापून लोखंडावर बसलेलं पॉलिमर, म्हणजे छोटे रेणू एकमेकांना जोडून झालेला मोठा रेणू. जवसाच्या तेलाने ऑइल पेंट वाळतो तीच रसायनं. फरक एवढाच की बिडावर तो थर आपल्याला हवा असतो आणि सिरॅमिकवर तोच थर तवा बिघडवतो. बिडाचा थर गेला तर परत तेल लावून तापवून बसवता येतो, आई गेली कित्येक वर्षं तेच करतायत, त्यांना पॉलिमर वगैरे शब्द कोणी सांगितलेला नाही. सोल-जेल घरी परत बसवता येत नाही. संपलं की संपलं.

टेफ्लॉनशी तुलना सगळे विचारतात म्हणून तेही. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, कार्बनची साखळी आणि तिला सगळीकडून फ्लोरीन. ते कोणी ठरवून शोधलेलं नाही. ६ एप्रिल १९३८ ला अमेरिकेत न्यू जर्सीत ड्यूपाँटच्या लॅबमध्ये रॉय प्लंकेट नावाचा २७ वर्षांचा केमिस्ट फ्रीजच्या गॅसवर काम करत होता, त्याने टेट्राफ्लोरोएथिलीनचा सिलिंडर उघडला तर गॅस येईना, वजन केलं तर सिलिंडर भरलेलाच. दुसरा कोणी असता तर व्हॉल्व्ह बिघडला म्हणून बाजूला ठेवून दिला असता, यांनी तो चक्क करवतीने कापला, आत पांढरी मेणचट पावडर, गॅसचेच रेणू एकमेकांना जोडले जाऊन झालेलं पीटीएफई. ना कशात विरघळे ना कशाशी रिॲक्ट होई. पुढे युद्धात अणुबॉम्बच्या कामात युरेनियम हेक्झाफ्लोराइड नावाच्या भयानक गॅसपुढे टिकणारी सील याचीच केली. तव्यावर यायला १९५० चं दशक उजाडलं, फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार ते मासेमारीच्या सामानावर लावत होता, बायको कोलेट म्हणाली माझ्या भांड्यांना लाव की, आणि १९५६ ला टेफाल कंपनी निघाली. सिरॅमिकवाले त्या मानाने कालचे, बेल्जियमच्या ग्रीनपॅनने २००७ ला आणल्यावर हा प्रकार बाजारात पसरला.

वापरात फरक काय? टेफ्लॉनचं सटकणं जास्त दिवस टिकतं, हे मान्य करायलाच हवं. त्यात फ्लोरीन-कार्बनचा बंध इतका घट्ट की रोजच्या आचेला तो दाद देत नाही, वरून काही संपतही नाही. पण २६० अंशाच्या वर गेलात की ते हळूहळू बिघडायला लागतं आणि ३५० च्या पुढे विषारी धूर सोडतं. पिंजऱ्यातले पक्षी त्याने मरतात, माणसाला तापासारखी कणकण येते. मोठ्या आचेवर रिकामा तवा विसरला तर काही मिनिटांत तिथे पोचतो. सिरॅमिक कोटिंगमध्ये फ्लोरीनच नाही त्यामुळे ही भानगड नाही, जास्त तापलं तर तवा वाया जाईल पण पोपट जगेल. आमच्या शेजारी लव्हबर्ड आहेत, मी हा तवा घेतला त्यात तेही एक कारण होतं.

आणि ते "पीएफओए फ्री" चं लेबल. सिरॅमिक तव्यावर ते मोठ्या अक्षरात छापतात तेव्हा मला हसूच येतं. पीएफओए हे पीटीएफई बनवताना कारखान्यात वापरायचे, ते निसर्गात मोडत नाही, रक्तात साठतं, २०१९ ला स्टॉकहोम करारात (अशा न मोडणाऱ्या रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) त्यावर बंदीचा निर्णय झाला आणि २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. विषय गंभीरच आहे. पण ज्या तव्यात फ्लोरोपॉलिमरच (टेफ्लॉनसारखं फ्लोरीनवालं प्लास्टिक) नाही त्यात पीएफओए यायचं कुठून? तुम्हाला फ्लोरीनच नको असेल तर लेबलवर "पीटीएफई फ्री" किंवा "पीएफएएस फ्री" (पीएफएएस म्हणजे अशा फ्लोरीनवाल्या रसायनांचा सगळा गट) शोधा, नुसतं पीएफओए फ्री हल्ली टेफ्लॉनच्या तव्यावरही असतं. "ग्रॅनाइट", "स्टोन" लिहिलेले ठिपकेवाले तवे तर बहुतेक पीटीएफईच असतात, दगडाचा संबंध फक्त रंगापुरता.

बाकी पदार्थांचं पटकन. ऑम्लेट, पॅनकेक, घावन मस्त. थालीपीठ ठीक, पण मध्ये भोक पाडून तेल सोडतो ना, तिथेच तपकिरी डाग लवकर पडतात. रवा लावलेली सुरमई सुटते छान पण बिडासारखा खरपूस रंग येत नाही. भाकरी अजिबात करू नका, भाकरीला तवा कडकडीत तापवावा लागतो आणि पाणी लावलेली बाजू टाकली की एकदम थंड झटका, तेच कोटिंगला सगळ्यात वाईट. गरम तवा नळाखाली धरायचा नाही तो पण याच कारणाने. इंडक्शनवर चालतो कारण तळाला स्टीलची चकती आहे, पण चकती तव्याच्या मानाने लहान, कडेचं घावन कच्चं राहतं.

याच खरेदीत एक सिरॅमिक सुरी पण घेतली होती, तिचं दोन ओळीत. ही मात्र खरी भट्टीतली, झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड), दातांच्या कॅप करतात तेच मटेरियल. सिरॅमिक म्हटलं की ठिसूळ, पण १९७५ ला ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की झिर्कोनियात तडा जायला लागला की त्याच्या टोकाशी असलेले कण रूप बदलतात, साधारण ४ टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. डोकं लावलंय एकदम. टोमॅटो कागदासारखा कापते, सात-आठ महिन्यात धार जवळपास तशीच. सफरचंद काळं पडत नाही ही जाहिरात मात्र फुगवलेली, ते फळातल्या एन्झाइममुळे काळं पडतं, स्टेनलेसच्या सुरीनेही तेवढंच पडतं. सुरण, नारळ, फ्रीजरमधले मासे यावर चालवायची नाही, कडेचे कण उडतात, माझ्या सुरीला भिंगातून दोन-तीन खाचा दिसतात. खाली धारवाला आला तेव्हा नेली तर त्याने हातात घेऊन बघितली, नखाने टकटक केलं आणि परत दिली, "ताई, ही आमच्या चाकावर फुटेल." बरोबर होतं त्याचं, याला हिऱ्याची पावडर लावलेलं चाक लागतं.

परत तव्यावर. मला साधारण दीड हजाराला पडला. अजून वापरतेय, आता थेंबभर तेल लावून, मध्यम आचेवर, आणि आधी तेल मग गॅस या क्रमाने. वर्षभर गेला तर पैसे वसूल म्हणेन. परत घ्यायचा झाला तर घेईन, पण छोटा, फक्त अंडी आणि घावनापुरता, आणि दुकानात हातात उचलून जड असलेला, कारण पातळ ॲल्युमिनियम असलं की बर्नरची आच एकाच गोलावर बसते आणि तिथलं कोटिंग आधी जातं. ऑनलाइन फोटोत जाडी कळत नाही, म्हणून वर्णनात वजन आणि तळाची जाडी मिलिमीटरमध्ये दिलीय का ते बघा, दिली नसेल तर विक्रेत्याला विचारा. आणि वॉरंटी कार्ड नीट वाचा, माझ्या कार्डावर हँडल आणि रिव्हेटची दोन वर्षं आहे, नॉनस्टिकच्या रकान्यात "नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून" एवढंच लिहिलंय.