उशाशी ठेवायला दोन बँडचा साधा ट्रान्झिस्टर

ताप असला की मोबाईलचा स्क्रीन डोळ्यांना नको होतो. रजा टाकून पडून राहायच्या दिवसांत दोन पेन्सिल सेलवर चालणारा, एफएम आणि मीडियम वेव्ह लागणारा खिशातला ट्रान्झिस्टर आजही सगळ्यात सोयीचा. चालू-बंद आणि आवाज एकाच चक्रीत असलेलाच घ्या. डोळे न उघडता हाताला सापडते, आणि ‘टक्’ झालं की बंद झाल्याचं कळतं.

पुण्यात 101 मेगाहर्ट्झवर विविध भारती लागते. त्यासाठी एरियल पूर्ण ओढायची. या लहरीची लांबी जवळपास तीन मीटर, तिचा चौथा भाग म्हणजे 75 सेंटीमीटर. छोट्या सेटची एरियल एवढी नसतेच, म्हणून निम्मी ओढून भागत नाही. इअरफोन लावला तर बहुतेक सेटमध्ये त्याची वायरच एरियलचं काम करते, त्यामुळे ती गुंडाळून ठेवू नका. सर्दीने कानांना दडे बसलेले असताना मात्र इअरफोन नकोच, आवाज उगाच वाढवला जातो.

खरी कटकट मीडियम वेव्हची. पुणे 792 किलोहर्ट्झ, मुंबईची अस्मिता वाहिनी 558. इथे बाहेरची एरियल निरुपयोगी. आत तांब्याची तार गुंडाळलेली फेराइटची कांडी असते, तीच लहरी पकडते, पण तिची दिशा जुळली तरच नीट. म्हणून सेट जागच्या जागी हळूहळू फिरवायचा, आवाज भरला की तिथेच ठेवायचा. सिमेंट-सळयांच्या इमारतीत पलंगाच्या मधोमध स्टेशन मरतं, खिडकीशी जिवंत होतं. एकसारखी घरघर आली तर आधी मोबाईलचा चार्जर आणि स्वस्तातला एलईडी बल्ब बंद करून पाहा. वाफाऱ्याचं साधं भांडं फारसा त्रास देत नाही, पण मोटरवाला नेब्युलायझर चालू असेपर्यंत बातम्या विसराच. यूएसबीवर चार्ज होणारे सेट चार्जिंग चालू असताना मीडियम वेव्हवर नेमके असेच घरघरतात, म्हणून सेलवाल्यालाच माझं मत.

सेल उतरले की आधी मोठा आवाज फाटतो. आवाज कमी करा, आणखी काही तास निघतात. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे असल्याने दोन मिळून 2.4 व्होल्टच होतात. काही सेट त्यावर लवकर कुरकुरतात. बरं वाटल्यावर सेल काढून ठेवा. विसरलेले सेल गळतात आणि स्प्रिंगला गंज चढतो.

महाराष्ट्राबाहेर असाल तर मराठी केंद्रांसाठी प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर अ‍ॅप आहे. आवाज स्वच्छ, खरखर नाही. पण इंटरनेटवरून येणारं प्रसारण काही सेकंद मागे असतं, तेव्हा बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायला जाऊ नका.