बॅकलॅश: पॅरामीटरमध्ये आकडा भरावा, की टेबलाला स्केल लावावी?

जुन्या मिलिंग मशीनला सर्व्हो मोटर बसवून घेतली आहे, पण बॅकलॅशचे, म्हणजे दिशा बदलताना स्क्रू आणि नटमधील पोकळीमुळे वाया जाणाऱ्या चालीचे, काय करावे हे ठरत नाही, अशा स्थितीत असलेल्यांसाठी हे लिहीत आहे. नाशिकला अंबडच्या आमच्या शेडमध्ये मी एकाच मशीनवर दोन्ही मार्ग वापरले आहेत. सुमारे तीन वर्षे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये आकडा भरून केलेल्या भरपाईवर काम केले आणि त्यानंतर एक्स अक्षावर (टेबलाच्या डाव्या-उजव्या चालीवर) लिनियर स्केल, म्हणजे टेबलाची जागा थेट मोजणारी पट्टी, लावली.

भरपाईच्या आकड्याला मी कमी लेखत नाही. लिव्हर डायल (सूक्ष्म सरक दाखवणारे मापक) लावून, टेबल एका दिशेने आणून, उलट फिरवून आलेला फरक फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरमध्ये १८५१ या पॅरामीटरमध्ये आणि जलद चालीसाठी १८५२ मध्ये भरला, की काम संपते. खर्च काहीच नाही. दिशा बदलताना कंट्रोलर मोटरला तेवढी जादा चाल देतो. टेबल हलवणारा बॉल स्क्रू फारसा झिजलेला नसेल, तर एवढे पुरेसे ठरते. तुमचे काम केवळ ड्रिलिंग आणि टॅपिंगचे असेल, तर त्याचीही फारशी गरज नाही, कारण जी६० ही आज्ञा देऊन प्रत्येक छिद्रावर एकाच बाजूने गेल्यास प्ले (हीच पोकळी) आडवा येत नाही.

माझी अडचण बोअरमध्ये, म्हणजे कटर गोलाकार मार्गाने नेऊन केलेल्या छिद्रात, सुरू झाली. टेबलावर आम्ही नग पकडायला दोन व्हाइस लावतो, एक मधोमध आणि एक टोकाला. वर्षानुवर्षे बहुतेक काम मधल्या व्हाइसवर झाल्यामुळे स्क्रू तिथेच जास्त झिजला होता; डायल मध्यावर ०.०६ मिमी दाखवी आणि टोकाला जेमतेम ०.०२ मिमी. मध्याचा आकडा भरला की मधला बोअर चांगला येई, पण टोकाच्या व्हाइसमधील बोअरमध्ये, एक्स अक्ष ज्या दोन ठिकाणी दिशा बदलतो नेमक्या तिथे, नखाला जाणवणारी पायरी उमटे. आकडा कमी केला की तीच पायरी मधल्या व्हाइसमध्ये येई. सरासरी भरली, तेव्हा दोन्हीकडे थोडी थोडी राहिली आणि ग्राहकाच्या तपासणीत दोन्हीकडचे नग अडकले. काही कंट्रोलरमध्ये अंतरानुसार आणि दिशेनुसार वेगवेगळी भरपाई भरण्याची सोय असते. ती असल्यास अवश्य वापरावी. मात्र झीज थांबत नाही, म्हणून तो तक्ता काही महिन्यांनी पुन्हा भरावा लागतो, आणि चालू ऑर्डरमध्ये मशीन बंद ठेवून डायल लावत बसणे मला जमेना.

स्केलचा मूळ फरक असा, की ती मोटर किती फिरली हे न पाहता टेबल प्रत्यक्ष कुठे आहे ते पाहते. म्हणून मध्य आणि टोक हा भेद तिच्यासाठी उरत नाही. शिवाय स्क्रू तापला, की पोलाद दर मीटरला दर अंशामागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढते; मोटरला ते कळत नाही, स्केलला कळते. थंडीतील सकाळचा पहिला नग आणि दुपारचा नग यांतील माझा फरक स्केल लावल्यानंतर बराच कमी झाला, असे मला जाणवते.

तरीही स्केल म्हणजे प्ले लपवण्याची जागा नव्हे. वेगाचे नियंत्रण मोटरच्या एन्कोडरवर (तिचे फिरणे मोजणाऱ्या भागावर) आणि स्थानाचे स्केलवर, अशी दुहेरी रचना करूनही आमचे टेबल सुरुवातीला उभ्या जागी गुणगुणत असे, कारण सर्व्हो त्या पोकळीत मागेपुढे टेबलाची जागा शोधत राही. थ्रस्ट बेअरिंगचा लॉक नट कसला आणि बॉल नटची शिम (पोकळी भरणारी पातळ चकती) बदलली, तेव्हा ते शांत झाले. क्लाइंब कटिंगमध्ये, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेने टेबल सरकत असताना, कटर टेबल ओढतो, तेही यांत्रिक दुरुस्तीशिवाय पूर्ण थांबत नाही. स्केलला ते ओढले गेल्यावरच कळते. स्केलला कोरडी, गाळलेली हवा लागते आणि पावसाळ्यात कंप्रेसरच्या लाइनमधील पाणी रोज काढावे लागते, हा खर्चापलीकडचा त्रासही मोजावा.

झेड अक्षाला (हेडच्या वर-खाली चालीला) मी स्केल सुचवणार नाही. प्रतिभार (हेड तोलून धरणारे वजन) नसेल तर हेडचे वजन नटला बहुधा एकाच बाजूला दाबून ठेवते, त्यामुळे तिथे मोठी भरपाई भरल्यास उलट चूक वाढण्याचा संभव असतो.

काम एकाच व्हाइसवर आणि बोअर थोडे असतील, तर पॅरामीटरवर थांबणे योग्य ठरू शकेल. टेबलाची पूर्ण लांबी वापरत असाल, तर आधी नट आणि बेअरिंग पाहून मग स्केलचा विचार करावा, असे मला वाटते. आमचा वाय अक्ष (टेबलाची पुढे-मागे चाल) अजून पॅरामीटरवरच चालतो. त्याच्या स्केलचा ब्रॅकेट गेल्या आठवड्यात करायला टाकला आहे.